स्वतःच्या बुद्धिबळ-डावांचे यांत्रिक परीक्षण : पद्धती आणि मर्यादा

बुद्धिबळाचा गंभीरपणे अभ्यास करणाऱ्या खेळाडूला जो पहिला उपदेश मिळतो तो बहुधा असा असतो की, इतरांचे डाव पाहण्यापूर्वी स्वतःचे डाव, विशेषतः हरलेले डाव, तपासावेत. उपदेश जुना आहे आणि योग्यही आहे. परंतु तो अमलात आणणे दोन कारणांनी कठीण जाते. एक तर हे काम फार वेळखाऊ आहे. उभय पक्षांच्या चाळीस चाळीस खेळ्या झालेल्या एका डावात सुमारे ऐंशी स्थिती निर्माण होतात, आणि त्यांतील प्रत्येकीचा पर्यायांसह विचार करावयाचा तर दोन-तीन संध्याकाळीही अपुऱ्या पडतात. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. ज्या समजुतीच्या आधाराने खेळाडूने पटावर चूक केली, तीच समजूत बरोबर घेऊन तो तपासणीला बसतो. परिणामी चुकीची खेळी त्याला तपासणीतही बरोबरच वाटते.

या दुसऱ्या दोषाची स्पष्ट जाणीव मिखाईल बोट्विनिक याला होती. १९४८ ते १९६३ या काळात दोन लहान खंड वगळता जगज्जेतेपद धारण करणारा हा सोव्हिएत खेळाडू व्यवसायाने विद्युत्-अभियंता होता. घरी बसून केलेल्या विश्लेषणात वस्तुनिष्ठता राहत नाही, यास्तव खेळाडूने आपले विश्लेषण प्रसिद्ध करावे व इतरांच्या टीकेला सामोरे जावे, असा उपाय त्याने सांगितला होता. सामान्य खेळाडूला असे टीकाकार मिळणे दुरापास्त होते. आज मात्र कोणत्याही जगज्जेत्याहून अधिक अचूक खेळणारा टीकाकार साध्या घरगुती संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि शेकडो डावांची तपासणी खेळाडू झोपेत असताना त्याच्याकडून करवून घेता येते.

ही तपासणी स्वयंचलित कशी करावी, हे सांगणे फारसे अवघड नाही. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या आकड्यांचा अर्थ काय. यंत्राने 'चूक' म्हणून दाखविलेली खेळी ही एका मापनाची निष्पत्ती असते, आणि ते मापन शोधाची खोली, मापाचा एकक व चुकीची सीमा या तीन निवडींवर अवलंबून असते. या निवडी जाणीवपूर्वक केल्या नाहीत, तर परीक्षण झाल्याचा केवळ भास होतो.

यंत्र काय मोजते?

संगणकाने बुद्धिबळ कसे खेळावे याची मूलभूत मांडणी क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात केली. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग मूल्यांकनाचा. पटावरील स्थितीला एक संख्या देण्यात येते. वजिराला ९, हत्तीला ५, उंट व घोडा यांना प्रत्येकी ३ आणि प्याद्याला १ असे गुण देऊन दोन्ही पक्षांच्या गुणांतील फरक घेतला जातो, व त्यात प्याद्यांची रचना, मोहऱ्यांची हालचाल इत्यादी गोष्टींसाठी लहान लहान भर किंवा वजावट केली जाते. दुसरा भाग शोधाचा. प्रत्येक शक्य खेळी, तिला प्रतिपक्षाचे प्रत्येक शक्य उत्तर, त्या उत्तराला पुन्हा आपले उत्तर, अशा रीतीने फांद्या काढीत काही खोलीपर्यंत जावयाचे. तेथील स्थितींचे मूल्यांकन करावयाचे. आणि उभय पक्ष आपापल्या हिताची सर्वोत्तम खेळी करतील असे गृहीत धरून मागे यावयाचे. एका पक्षाच्या एका खेळीला येथे 'अर्धखेळी' म्हटले आहे, व शोधाची खोली अर्धखेळ्यांत मोजली जाते.

प्रत्येक स्थितीत ३५ खेळ्या शक्य आहेत असे मानले, तर चार अर्धखेळ्यांच्या खोलीवर १५,००,६२५ स्थिती येतात. परंतु ज्या फांदीमुळे अंतिम निर्णय बदलूच शकत नाही ती पाहण्याचे कारण नसते. अशा फांद्या छाटण्याची जी पद्धत 'अल्फा-बीटा' या नावाने ओळखली जाते, तिचे गणिती विवेचन डोनाल्ड क्नूथ व रोनाल्ड मूर यांनी १९७५ साली केले. खेळ्यांचा क्रम आदर्श असेल तर वरील उदाहरणात केवळ २,४४९ स्थिती पाहून तोच निर्णय मिळतो. आजच्या इंजिनांचे (बुद्धिबळ खेळणाऱ्या आज्ञावलींना हाच शब्द रूढ आहे) बळ बऱ्याच अंशी या छाटणीत आहे.

खोलीवर निर्णय किती अवलंबून असतो, हे अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू लेगाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मातेवरून दिसते. पांढऱ्याचे प्यादे ई-४ वर व काळ्याचे ई-५ वर. पांढरा घोडा एफ-३ वर, काळे प्यादे डी-६ वर. पांढरा उंट सी-४ वर, काळा उंट जी-४ वर. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी-३ वर आणि काळ्याचे प्यादे जी-६ वर, अशा चार चार खेळ्या झाल्या आहेत. काळ्या उंटाने एफ-३ वरील घोड्याला जखडून ठेवले आहे. तो हलला तर मागे डी-१ वर उभा असलेला वजीर मारला जाईल. तरीही पाचव्या खेळीला पांढरा त्याच घोड्याने ई-५ वरील प्यादे मारतो. पुढची एकच अर्धखेळी पाहणारे यंत्र ही घोडचूक ठरवील. कारण एक प्यादे मिळाले, पण वजीर गेला. परंतु पुढच्या चार अर्धखेळ्या पाहणाऱ्या यंत्राला दिसते की, काळ्याने वजीर मारला तर पांढरा उंटाने एफ-७ वरील प्यादे मारून शह देतो, काळ्या राजाला ई-७ हे एकच घर उरते, आणि दुसरा घोडा डी-५ वर येताच मात होते. काळ्याने वजिराचा मोह टाळून घोडा मारला, तर पांढरा वजीर जी-४ वरील उंट मारतो व पांढऱ्याला एक प्यादे अधिक राहते. अर्थात तीच खेळी एका खोलीवर घोडचूक व दुसऱ्या खोलीवर सर्वोत्तम ठरते.

डावाची नोंद आणि यंत्राशी संवाद

स्वयंचलित परीक्षण शक्य होण्यास दोन संकेतांची मदत झाली आहे. पहिला डावाच्या नोंदीचा. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ साली पुरस्कारिलेली 'पीजीएन' ही नोंदपद्धती माणसाला वाचता येते आणि संगणकालाही. तिच्या आरंभी स्पर्धा, स्थळ, दिनांक, फेरी, दोन्ही खेळाडूंची नावे व निकाल अशी सात शीर्षके असतात. त्यानंतर खेळ्या, आणि कंसात टिप्पणी. आंतरजालावर खेळलेल्या डावांच्या नोंदीत प्रत्येक खेळीनंतर घड्याळात उरलेला वेळही बहुधा दिलेला असतो. हा तपशील पुढे फार उपयोगी पडतो.

दुसरा संकेत इंजिनाशी बोलण्याचा. रुडोल्फ हूबर व श्टेफान मायर-कालेन यांनी २००० साली तयार केलेल्या 'यूसीआय' या संकेतानुसार कोणतीही आज्ञावली इंजिनाला साध्या मजकुराच्या ओळीत स्थिती कळविते, किती वेळ अथवा किती खोलवर शोध घ्यावयाचा ते सांगते, आणि इंजिन आपले मूल्यांकन व सर्वोत्तम खेळी तशाच ओळीत परत करते. २००८ साली प्रथम प्रसिद्ध झालेले 'स्टॉकफिश' हे मुक्त इंजिन या संकेताने चालते. पायथन भाषेतील 'पायथन-चेस' या मुक्त संग्रहात नोंद वाचणे व इंजिनाशी संवाद साधणे ही दोन्ही कामे तयार स्वरूपात मिळत असल्यामुळे, उरलेली आज्ञावली शंभर ओळींच्या आत लिहून होते.

तिचा क्रम असा राहील. नोंदीतून एक डाव घ्यावा. प्रत्येक खेळीपूर्वीची स्थिती इंजिनाला द्यावी. सर्वोत्तम खेळीचे मूल्यांकन व प्रत्यक्ष खेळलेल्या खेळीनंतरचे मूल्यांकन यांतील फरक काढावा. तो ठरावीक सीमेहून मोठा असल्यास खेळी, फरक, सर्वोत्तम पर्याय व उरलेला वेळ यांची नोंद एका तक्त्यात करावी. आणि पुढील खेळीकडे वळावे.

एवढ्या सरळ कामातही दोन ठिकाणी हमखास गफलत होते. यूसीआय संकेतात मूल्यांकन ज्याची खेळी असेल त्याच्या बाजूने दिले जाते. पांढऱ्याच्या खेळीपूर्वी 'अधिक १००' आणि खेळीनंतर 'उणे १००' असे आकडे आले, तर त्यांचा अर्थ काहीच बदललेले नाही असा आहे. कारण दुसरा आकडा काळ्याच्या बाजूचा आहे. चिन्ह उलटावयाचे राहिले तर निर्दोष खेळीही चूक म्हणून नोंदली जाते. दुसरी गफलत मातेसंबंधी. सक्तीची मात दिसत असेल तेव्हा इंजिन प्याद्यांचे माप न देता 'इतक्या खेळ्यांत मात' असे कळविते. तीन खेळ्यांत मात करण्याऐवजी पाच खेळ्यांत केली, हा खेळाडूचा दोष मानावयाचा की नाही, हे आधीच ठरवावे लागते. अभ्यासाच्या दृष्टीने तो दोष न मानणेच इष्ट.

किती वेळ, किती खोल

यंत्राला प्रत्येक स्थितीस किती वेळ द्यावा, याचा हिशेब सोपा आहे. एका खेळाडूचे ४० डाव आहेत व प्रत्येक डावात ८० स्थिती आहेत असे धरले, तर एकूण ३,२०० स्थिती होतात. प्रत्येकीस ५ सेकंद दिल्यास १६,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेचार तास लागतात. एका रात्रीत हे काम सहज उरकते.

सर्व स्थितींना सारखाच वेळ देणे मात्र काटकसरीचे नाही. बहुसंख्य खेळ्या उघडच निर्दोष असतात. म्हणून चाळण दोनदा लावावी. पहिल्या फेरीत प्रत्येक स्थितीस अल्प वेळ देऊन संशयित खेळ्या वेगळ्या काढाव्यात; दुसऱ्या फेरीत केवळ त्यांचाच दहा-वीस पट वेळ देऊन फेरविचार करवावा. लेगालच्या मातेसारख्या प्रसंगी पहिल्या फेरीतील आरोप दुसऱ्या फेरीत रद्द होतो. पहिली फेरी फार उथळ ठेवली तर खरी चूक सुटून जाण्याचा संभव असतो. त्यासाठी पहिल्या चाळणीची सीमा अंतिम सीमेहून कमी ठेवावी.

तुलना समान अटींवर झाली पाहिजे, हाही नियम येथे लागू होतो. खेळीपूर्वीची स्थिती व खेळीनंतरची स्थिती समान खोलीपर्यंत तपासली, तर दुसरा शोध डावात एक अर्धखेळी पुढे जातो आणि फरकात थोडी अशुद्धता शिरते. यावर उपाय असा की, दुसऱ्या फेरीत एकाच स्थितीतून सर्वोत्तम खेळी व खेळलेली खेळी या दोन्हींचा स्वतंत्र शोध घेण्यास इंजिनाला सांगावे. यूसीआय संकेतात ठरावीक खेळ्यांपुरता शोध मर्यादित ठेवण्याची सोय त्यासाठीच उपयोगी पडते.

संशोधनाच्या दृष्टीने आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. संगणकाचे अनेक गाभे एकाच वेळी वापरल्यास त्याच स्थितीचे उत्तर दर वेळी तंतोतंत तेच येईल अशी शाश्वती नसते. आणि वेळेची मर्यादा दिल्यास उत्तर यंत्राच्या वेगावर व त्या क्षणी चाललेल्या इतर कामांवर अवलंबून राहते. प्रयोगाची पुनरावृत्ती अभिप्रेत असेल, तर एकच गाभा वापरावा, तपासावयाच्या स्थितींची संख्या ठरवून द्यावी, प्रत्येक शोधापूर्वी इंजिनाची स्मृती रिकामी करावी, आणि इंजिनाची आवृत्ती निष्कर्षाबरोबर नोंदवावी.

चूक कशाला म्हणावे?

इंजिनाचे मूल्यांकन प्याद्याच्या शतांशात व्यक्त होते. १०० शतांश म्हणजे ढोबळमानाने एका प्याद्याचा लाभ. ३०० शतांशांहून अधिक नुकसान करणारी प्रत्येक खेळी घोडचूक, असा नियम सकृद्दर्शनी समंजस वाटतो. परंतु एका डावात स्थिती 'अधिक ९००' वरून 'अधिक ६००' वर आली, आणि दुसऱ्या डावात 'अधिक १००' वरून 'उणे २००' वर आली, तर दोन्ही ठिकाणी नुकसान ३०० शतांशांचेच आहे. पहिला खेळाडू तरीही जिंकणार आहे. दुसऱ्याने मात्र हाती आलेला डाव घालविला आहे.

यासाठी शतांशांचे रूपांतर अपेक्षित निकालात करण्याची पद्धत रूढ झाली आहे. लिचेस या मुक्त संकेतस्थळावर २३०० च्या आसपास गुणांकन असलेल्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष डावांवरून बसविलेला एक वक्र वापरला जातो. त्यानुसार शून्य मूल्यांकनाला ५० टक्के, 'अधिक १००' ला सुमारे ५९, 'अधिक ३००' ला ७५, 'अधिक ६००' ला ९० आणि 'अधिक ९००' ला ९६ ते ९७ टक्के अपेक्षित यश येते. या मापाने वरील पहिल्या खेळाडूचे नुकसान ६ टक्क्यांचे, तर दुसऱ्याचे सुमारे २७ टक्क्यांचे भरते. चुकीची सीमा शतांशांत न ठरविता या टक्क्यांत ठरविणे अधिक युक्त आहे.

तथापि हा वक्र म्हणजे निसर्गनियम नव्हे. जो २३०० गुणांकनाच्या खेळाडूंवरून बसविला, तो १२०० च्या विद्यार्थ्याला तंतोतंत लागू पडेल असे मानण्यास आधार नाही. एका प्याद्याच्या आघाडीवर प्रबळ खेळाडू जितके डाव जिंकतो तितके नवशिका जिंकत नाही. शिवाय मूळ एककही स्थिर नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून स्टॉकफिशने आपले माप नव्याने बांधले, आणि समबल प्रतिपक्षाविरुद्ध विजयाची शक्यता ५० टक्के असेल अशा स्थितीला 'अधिक १००' असे मूल्य दिले. म्हणजे नाव प्याद्याचे राहिले, पण अर्थ संभवनीयतेचा झाला. एकाच खेळाडूचे पूर्वीचे डाव जुन्या आवृत्तीने व नंतरचे नव्या आवृत्तीने तपासून त्याची प्रगती ठरविणे, हे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी उंची मोजून मूल वाढले की नाही ते ठरविण्यासारखे होईल.

या निवडींचा निष्कर्षावर कसा परिणाम होतो, याचे बोधप्रद उदाहरण ल्युब्ल्याना विद्यापीठातील मातेय गुइद व इव्हान ब्रात्को यांच्या २००६ सालच्या संशोधनात आढळते. जगज्जेतेपदाच्या सामन्यांतील डाव 'क्राफ्टी' या इंजिनाने १२ अर्धखेळ्यांच्या खोलीपर्यंत तपासून त्यांनी प्रत्येक जगज्जेत्याचे सरासरी नुकसान काढले. प्रारंभीच्या पाठ खेळ्या वगळण्यासाठी तपासणी १२ व्या खेळीपासून केली, आणि सर्वोत्तम व खेळलेली अशा दोन्ही खेळ्यांचे मूल्यांकन दोन प्याद्यांच्या मर्यादेबाहेर असेल तेथे ती खेळी हिशेबात धरली नाही. सर्वांत कमी सरासरी नुकसान कापाब्लांकाचे आढळले. परंतु याच संशोधकांनी स्थितीच्या गुंतागुंतीचेही माप काढले होते, आणि कापाब्लांकाची शैली तुलनेने सोप्या स्थितींकडे झुकणारी असल्याचे त्यांनी नमूद केले. ज्याच्यासमोर सोपे प्रश्न अधिक येतात त्याच्या चुका कमी भरतात.

सामान्य खेळाडूच्या बाबतीत हा इशारा अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. सरासरी नुकसान कमी करणे हेच ध्येय मानले, तर लवकरात लवकर मोहऱ्यांची अदलाबदल करून डाव सपाट करणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. आकडा सुधारतो, कठीण स्थितीत विचार करण्याची शक्ती मात्र वाढत नाही, कदाचित घटतेही.

अनेक डावांचा एकत्र हिशेब

यांत्रिक परीक्षणाचा खरा लाभ एका डावात नव्हे, तर अनेक डावांच्या एकत्र तक्त्यात आहे. चुका डावाच्या आरंभी होतात की अंती, घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरल्यावर त्या वाढतात काय, आक्रमण करताना अधिक होतात की बचाव करताना, असे प्रश्न हाताने तपासलेल्या चार-दोन डावांवरून सुटत नाहीत.

येथे संख्याशास्त्राचे साधे नियम विसरून चालणार नाही. पहिला नियम छेदाचा. ६० मोठ्या चुकांपैकी ३० डावाच्या मध्यभागी झाल्या, या विधानाला मध्यभागी एकूण किती खेळ्या झाल्या हे कळल्याशिवाय अर्थ नाही. निम्म्या खेळ्या मध्यभागी असतील, तर तेथे निम्म्या चुका होणे हे अगदी अपेक्षितच होय. दुसरा नियम निवडीचा. केवळ हरलेले डाव तपासले, तर जिंकलेल्या डावांतील ज्या चुकांचा फायदा प्रतिपक्षाने घेतला नाही त्या कायमच्या दृष्टीआड राहतात. तिसरा नियम विभागणीचा. ६० चुका बारा वर्गांत वाटल्या तर एका वर्गात सरासरी पाचच येतात, आणि पाच व आठ यांतील फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. म्हणून वर्ग थोडे ठेवावेत आणि ते तक्ता पाहण्यापूर्वी ठरवावेत. ज्या स्थितीत एकच नियमानुसार खेळी शक्य होती, ती स्थिती छेदातून वगळावी.

अंत्यस्थितीसाठी निराळे साधन उपलब्ध आहे. राजांसह सात किंवा त्याहून कमी मोहरे व प्यादी पटावर असलेल्या स्थितींचे पूर्ण निकाल 'सिझिजी' या कोष्टकांत साठविलेले आहेत. सात मोहऱ्यांचा संच २०१८ साली पूर्ण झाला. तेथे अंदाजाला वाव नाही. जय, पराजय वा बरोबरी यांपैकी एकच उत्तर मिळते. गुणांची बेरीज करणाऱ्या मूल्यांकनाची उणीवही तेथे दिसून येते. ए स्तंभातील प्यादे व काळ्या घरांचा उंट पांढऱ्याकडे असून काळा राजा ए-८ या पांढऱ्या घरात पोहोचला असेल, तर गुणांनुसार चारांची आघाडी दिसते. प्रत्यक्षात डाव बरोबरीचा आहे, कारण तो उंट त्या कोपऱ्यावर कधीच मारा करू शकत नाही.

कारणाचा शोध

आतापर्यंतच्या सर्व क्रिया यंत्राकडे सोपविता येतात. खेळाडूला मात्र चूक कोठे झाली यापेक्षा ती का झाली हे अधिक जाणून घ्यावयाचे असते. या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या आकड्यात नसते, आणि अलीकडच्या इंजिनांत ते पूर्वीपेक्षाही कमी असते. पूर्वीचे मूल्यांकन माणसांनी लिहिलेल्या नियमांचे असे; राजाची सुरक्षितता, प्याद्यांची रचना, मोहऱ्यांची हालचाल अशा घटकांत ते उलगडून पाहता येई. यू नासू यांनी २०१८ साली जपानी शोगी खेळासाठी तयार केलेली न्यूरल जाळ्याची पद्धत स्टॉकफिशने २०२० साली स्वीकारली, आणि २०२३ मध्ये हस्तलिखित नियमांचे मूल्यांकन काढून टाकले. इंजिनाचे बळ वाढले. पण मूल्यांकनाचे घटक वाचता येण्याजोगे राहिले नाहीत.

लेगालच्या मातेचेच उदाहरण पुन्हा घेता येईल. चौथ्या खेळीला काळ्याने जी-६ ऐवजी आपला घोडा सी-६ वर आणला आहे, आणि मातेचे चित्र पाठ असलेल्या पांढऱ्या खेळाडूने पुन्हा ई-५ वरील प्यादे मारले आहे. आता काळा वजिराकडे पाहतही नाही. तो सी-६ वरील घोड्याने पांढरा घोडा मारतो, आणि तोच घोडा जी-४ वरील उंटालाही आधार देतो. पांढऱ्याचा एक घोडा एका प्याद्याच्या बदल्यात गेला. यंत्राचा तक्ता सांगेल : पाचवी खेळी, सुमारे दोन प्याद्यांचे नुकसान. एवढे वाचून खेळाडू पुढे गेला, तर तो 'ही खेळी वाईट' इतकेच शिकेल. वास्तविक चूक खेळीत नसून विचारपद्धतीत आहे : ओळखीचे चित्र दिसताच त्यातील बदललेले एक मोहरे तपासण्याचे त्याने सोडून दिले. हे कारण त्या खेळाडूखेरीज दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही, आणि काही दिवसांनी त्यालाही ते आठवणार नाही.

यावरून परीक्षणाचा क्रम निश्चित होतो. डाव संपल्यावर, आणि तो संपल्यावरच (चालू डावात यंत्राचे साहाय्य घेणे नियमबाह्य आहे), खेळाडूने प्रथम स्वतःची टिप्पणी नोंदीत लिहावी : कोठे शंका वाटली, कोणता पर्याय विचारात घेतला, कोणता नाकारला व का. पीजीएन नोंदीतील कंस याच कामासाठी आहेत. ही टिप्पणी लिहिलेली असेल तोच डाव तपासणीस घ्यावा, इतर डाव बाजूस ठेवावेत, अशी अट आज्ञावलीतच घालणे सहज शक्य आहे. त्यानंतर यंत्राचा तक्ता टिप्पणीशेजारी मांडावा. जेथे खेळाडूला शंका नव्हती पण यंत्राने मोठे नुकसान दाखविले, त्या जागा सर्वाधिक मोलाच्या. तेथे त्याची समजूतच सदोष होती. जेथे शंका होती व नुकसानही झाले, तेथे ज्ञान होते पण गणना अपुरी पडली. आणि जेथे खेळाडूने स्वतःला दोष दिला पण यंत्राला दोष आढळला नाही, तेथे त्याची भीती अकारण होती. हे तीन वर्ग केवळ यंत्राच्या आकड्यांतून कधीही मिळाले नसते.

बोट्विनिकने विश्लेषण प्रसिद्ध करण्याचा जो आग्रह धरला होता, त्यात विश्लेषण आधी लिहिले पाहिजे आणि टीका नंतर आली पाहिजे, हा क्रम अध्याहृत होता. टीकाकार बदलला तरी तो क्रम बदलण्याचे कारण नाही. सुरुवात करणाऱ्याने टिप्पणी लिहिलेले वीस-पंचवीस डाव घ्यावेत. इंजिनाची आवृत्ती, शोधाची मर्यादा व चुकीची सीमा कागदावर लिहून ठेवावी. वरील तीन वर्गांचा तक्ता करावा. आणि सहा महिन्यांनी नव्या डावांवर नेमक्या त्याच आवृत्तीने व त्याच मर्यादांनी तो पुन्हा करावा. दोन तक्त्यांतील पहिल्या वर्गाचे, म्हणजे निःशंकपणे केलेल्या चुकांचे, खेळ्यांच्या संख्येशी असलेले प्रमाण घटले असेल, तरच अभ्यासाला फळ आले असे म्हणता येईल.